सीमेवरचा पाट

फार मागची, जनावरांनाही बैठका घ्यायची हौस होती तेव्हाची गोष्ट. डोंगरसंघाकडे पवनचक्की होती, पण तिथे वारा सुटायचा तो दिवस मावळल्यावर. मैदानसंघाकडे सोलर पॅनल होते, ते फक्त उन्हात चालायचे. दोघांनी वीज वाटून घ्यायचं ठरवलं. भाषणं झाली, हारतुरे झाले, दोन्हीकडून तारा सीमेपर्यंत आल्या आणि तिथेच अडल्या.

"आम्ही वरपक्ष," डोंगराकडचा गवा म्हणाला. "आधी सीमांतपूजन करा, मग आमची तार पुढे येईल."

"वरपक्ष आम्ही!" मैदानाकडचा रेडा फुरफुरला.

सीमेवरच टिटवीबाईंचा दवाखाना होता. आजारी पाडसं थंडीने कुडकुडत होती आणि उबेचा दिवा विजेअभावी नुसता टांगलेला होता. बाईंनी हे रुसवेफुगवे बरेच सोसले. शेवटी एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, त्यांनी बरोबर सीमेवर एकच पाट मांडला.

"या गवेदादा, या रेडेभाऊ! तुम्ही दोघंही वरपक्ष. मी एकटी मुलीकडची."

दोघे आपापल्या तारेचं टोक शिंगाला अडकवून तोऱ्यात आले. बाईंनी पाय धुतले. कुंकू लावून घ्यायला दोघांनी माना वाकवल्या, तेवढ्यात बाईंनी चोचीने दोन्ही तारांना दिव्याच्या तारेसकट पीळ दिला. दवाखान्यात दिवा लागला.

निघताना गवा मागे रेंगाळला. "बाई, खरं सांगा, आधी पाय कुणाचे धुतलेत?"

"काय सांगू दादा," पाडसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत बाई म्हणाल्या, "तेव्हा अंधार होता हो!"