बकूच्या ठिगळाखालचा फुगा

एक होती उंदरी. एवढीश्शी! नाव तिचं बकू.

आज होती संक्रांत. बकूनं पतंग घेतला आणि पळत सुटली. पतंग बाभळीला घासला. टर्रर्र! पतंगाला पडलं भोक.

"रडले तर नावाची बकू नाही!" बकू म्हणाली.

तिनं कागदाचं ठिगळ घेतलं. त्याला खळ लावली, चिकट चिकट. आणि केली हो घाई! आधी चारही कडा दाबल्या घट्ट. मग बघते तर काय? मधे टम्म फुगा!

इकडे दाबला, तिकडे गेला. तिकडे दाबला, इकडे आला. आतून आवाज आला, फुरफुर, फुरफुर!

बकू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. स्वयंपाकघरात भेटलं लाटणं.

"लाटणेबुवा, लाटणेबुवा, फिरा ना! फुगा जाईना, ठिगळ बसेना, पतंग उडेना!"

"नाही नाही, मी नाही! माझ्या अंगाला कणीक. फडकं पुसेल, तरच मी फिरेन."

बकू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दोरीवर भेटलं फडकं.

"फडकेबाई, फडकेबाई, पुसा ना! लाटणं फिरेना, फुगा जाईना, ठिगळ बसेना, पतंग उडेना!"

"नाही नाही, मी नाही! मी ओलीचिंब. ऊन पडेल, तरच मी पुसेन."

बकू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गच्चीवर गेली. ढगाआड सूर्य जांभया देत होता.

"सूर्यआजोबा, सूर्यआजोबा, ऊन पाडा ना! फडकं पुसेना, लाटणं फिरेना, फुगा जाईना, ठिगळ बसेना, पतंग उडेना!"

"नाही नाही, मी नाही! ढग सरकेल, तरच ऊन पडेल."

"ढगमामा, ढगमामा, सरका ना! ऊन पडेना, फडकं पुसेना, लाटणं फिरेना, फुगा जाईना, ठिगळ बसेना, पतंग उडेना!"

"नाही नाही, मी नाही! मी जडच्या जड. वारा ढकलेल, तरच मी सरकेन."

दमली बिचारी बकू! तरी निघाली. तुरु... तुरु... टेकडीवर वारा बसला होता. मुसमुसत होता.

"वारेकाका, वारेकाका, वाहा ना! ढग सरकेना, ऊन पडेना, फडकं पुसेना, लाटणं फिरेना, फुगा जाईना, ठिगळ बसेना, पतंग उडेना!"

"कसा वाहू गं? माझी छोटी झुळूक हरवली. ती मिळेल, तरच मी वाहीन."

बकूनं कान टवकारले.

"काका, ती फुरफुर करते का?"

"करते की!"

"अगं बाई! ती माझ्या ठिगळाखाली आहे. मीच कोंडली तिला!"

वारा ताडकन उठला. सूंऽऽ सूंऽऽ!

वारा वाहिला, ढग सरकला. ढग सरकला, ऊन पडलं. ऊन पडलं, फडकं वाळलं. फडक्यानं पुसलं, लाटणं आलं.

बकूही धावत पतंगापाशी आली. "थांबा हं," ती म्हणाली. तिनं एक कड हळूच उचलली. झुळकेला वाट नको का?

लाटणं फिरलं. मधून काठाकडे, मधून काठाकडे. फुगा सरकला... सरकला... काठाशी आला...

फुस्स!

"बाबाऽऽ!" झुळूक वाऱ्याच्या गळ्यात!

ठिगळ बसलं. कसं बसलं? सप्पाट!

"बकू, पुढच्या वेळी आधी काय दाबशील?" वाऱ्यानं विचारलं.

"आधी मधे, मग कडा!"

झुळकेनं पतंग उचलला. "दोरा धर गं, बकू!" सर्रर्र!

पतंग गेला आभाळात, गोष्ट आली घरात.