लिह्याची झोळी

संगणकाचा पडदा हिरवा-काळा होता तेव्हाची गोष्ट. एका प्रोग्रॅममध्ये दोन ऑब्जेक्ट राहायचे. लिह्या फाइलीत लिहायचा आणि वाच्या ती वाचायचा.

एकदा लिह्या सकाळपासून लिहीत होता, पण वाच्याने डोकावून पाहिलं तर फाइल कोरी! त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"काय रे, शब्द गेले कुठे?"

"या झोळीत आहेत. फाइल बंद करताना सगळे एकदम आत ओततो."

"वा! म्हणजे फाइलीचं दार लावून आत काय करतोस, ते कुणी बघायचंच नाही!" वाच्या दारातच ठाण मांडून बसला. "फाइल उघडीच राहील."

तेवढ्यात वीज गेली आणि झोळीतला शब्द न् शब्द विरून गेला.

वीज आल्यावर वाच्याने आधी फाइल पाहिली. कोरीच होती.

"बघितलंस?" तो समाधानाने म्हणाला. "मला आधीपासूनच संशय होता."