ठमाईचं वळण

या गायरानाची शीव तीन बाजूंनी सुतात आहे, बघा. फक्त उगवतीच्या अंगाला ती शेजारच्या रानात घुसते, पार खळ्यापाशी जाते आणि मागं फिरते. त्याला ठमाईचं वळण म्हणतात.

असं सांगतात, की दुष्काळानं उठलेली तीन घरं गुरं हाकत इथं आली तेव्हा नुसता माळ होता. त्यांनी आधी गुरांचं गायरान काढून दिलं, दगड रोवले, आणि मग आपापली रानं धरली. "मुकी जनावरं भांडायला येत नसतात, म्हणून त्यांचं आधी," असं थोरला धोंडजी म्हणाला.

तिसऱ्या घरचा बहिरू कष्टाचा, पण हावरा. दरसाल पेरणीआधी तो शिवेचे दगड गायरानात थोडे थोडे सरकवायचा. बायको ठमा बघायची नि गप्प राहायची. पाचव्या साली धोंडजीनं ओळखलं. पंच बसले. बहिरूनं ओल्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन चालायचं, त्याचा पाय पडेल ती शीव खरी, असं ठरलं. खोटं चालणाऱ्याला मात्र माती सात दिवसांत ओढून नेते.

 ठमाच्या माहेरी तिचा चुलता असाच खोटा चालला होता. सातव्या दिवशी जेवता जेवता त्याच्या तोंडातून माती आली, ती तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती.

"खरं सांगून टाका धनी," ती म्हणाली.

"काय सांगू? मूळचे दगड कुठं होते ते आता मला तरी कुठं आठवतंय? आणि ढेकळानं मेलेला मर्द दाखव एखादा!"

हसला खरा, पण सकाळी पागोटं बांधताना त्याचा पीळ दोनदा सुटला. ते तिनं पाहिलं.

गाव जमला. पंचांनी ढेकूळ उचललं, तशी ठमाच पुढं झाली आणि पदर सारखा करून मान वाकवली.

"कारभारीण चालली म्हणजे घर चाललं," धोंडजी म्हणाला. "पण बाई, माती तुला धरील."

तिनं ढेकूळ डोक्यावर घेतलं. पहिल्याच पावलाला ढेकूळ जात्याएवढं जड झालं, म्हणे. ती आपल्या उभ्या जोंधळ्यात वळली, तसं जरा हलकं झालं. अजून आत गेली. माती ओघळून डोळ्यांत जात होती, ओठांवर येत होती. तोंडात माती लागली, तरी ती थांबली नाही. खरी शीव कुठं, तिला कुठं ठाऊक होतं? भीती नेईल तिकडं ती आत आत चालली. मागं गुरांनीसुद्धा रवंथ थांबवला होता.

"अगं ए, बस्स कर!" बहिरू ओरडला. "इतकं नव्हतं घेतलं मी!"

सगळा गाव त्याच्याकडं वळला. त्यानं दोन्ही हात तोंडावर धरले, पण शब्द निसटून गेला होता.

ठमा खळ्यापाशी पोचली तेव्हा ढेकूळ पिसासारखं झालं. तिथून ती फिरली. पुढचे सात दिवस तिनं प्रत्येक घास हातावर उलटून बघितला. आठव्या दिवशी बहिरूनं खाली मान घालून तिच्या पावलांवर दगड रोवले.

आजही त्या रानात नांगरट करणारा ट्रॅक्टर दगडांच्या चार पावलं अलीकडूनच वळतो. चालवणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, "डिझेल वाचतं."