टिचूचा लाल दाणा आणि हिरवोबा

एक होती टिचू. टिचू म्हणजे एवढीशी कोळंबी. नखाएवढी. दोन लांब मिशा, इवले इवले पाय, आणि राग अगदी मिशांच्या टोकावर.

टिचू राहायची माशांच्या काचेच्या पेटीत. पेटी होती बकूच्या घरी, आबांच्या खुर्चीशेजारी. आबा म्हणजे बकूचे आजोबा. पेटीत पाणी, पाण्याखाली वाळू, वाळूत पाणवेल, आणि पाणवेलीच्या पानाखाली गप्पीमावशी नावाची मासोळी. पेटीवर एक दिवा. लख्ख.

रोज सकाळी आबा चिमूटभर दाणे टाकायचे. पिवळे दाणे गप्पीमावशीचे. एक लाल दाणा टिचूचा. ते ठरलेलंच होतं.

एके दिवशी दाणे पडले. टप टप टप. लाल दाणा आला, खाली आला, आणखी खाली आला, आणि गेला. कुठे गेला? दिसेचना. पाणी सगळं हिरवं हिरवं. पालकाच्या पातळ भाजीसारखं.

त्या पाण्यात होता हिरवोबा. हिरवोबा म्हणजे हिरवे हिरवे ठिपके. मुंगीच्या डोळ्याहून बारीक. एकटा ठिपका दिसत नाही, पण सगळे ठिपके जमले, पाणीभर पसरले, की झाला हिरवोबा.

आबांना आतलं कुणीच दिसेना. दाणे कुणी खाल्ले की नाही, कळेना. म्हणून आबांनी आणखी एक चिमूट टाकली. मग आणखी एक. दाणे वाळूत पडले, तिथेच कुजले, आणि हिरवोबाची चंगळ झाली. आता या आबांना काय म्हणावं?

टिचूच्या पोटात मात्र कावळे ओरडत होते. ती निघाली. टुचुक टुचुक. टुचुक टुचुक.

"हिरवोबा, हिरवोबा, बाजूला हटा ना.
माझा दाणा मिळेना."

हिरवोबा डुलला. डुलुक डुलुक. म्हणाला, "मी नाही हटत. आधी पाणवेल वाढू दे. ती वाढली की माझा खाऊ तीच खाईल. मग हटतो."

टिचूने मिशा झटकल्या. सप सप. "वैताग आहे नुसता," म्हणाली. आणि निघाली. टुचुक टुचुक. टुचुक टुचुक.

पाणवेल उभी होती. पिवळट, मरगळलेली.

"पाणवेलबाई, पाणवेलबाई, वाढा ना.
हिरवोबा हटेना,
माझा दाणा मिळेना."

पाणवेल म्हणाली, "मी नाही वाढत. मला झोप कुठे आहे? सारखा आपला दिवा, दिवा, दिवा. आधी दिवा विझू दे. मग झोपते. झोपले की वाढते."

टिचूने मिशा झटकल्या. सप सप. "वैताग आहे नुसता," म्हणाली. आणि काचेवरून चढली. टुचुक टुचुक. टुचुक टुचुक.

वर दिवा होता. लख्ख, लख्ख, लख्ख.

"दिवादादा, दिवादादा, विझा ना.
पाणवेल वाढेना,
हिरवोबा हटेना,
माझा दाणा मिळेना."

दिवा म्हणाला, "मी नाही विझत. मला हात आहेत का? आधी आबांना बटण दाबू दे. मग विझतो."

खरंच, दिव्याला हात नव्हते. पण म्हणून असं फटकन बोलायचं का? टिचूने मिशा झटकल्या. सप सप. "वैताग आहे नुसता," म्हणाली. आणि खाली उतरली. टुचुक टुचुक. टुचुक टुचुक.

आबा खुर्चीत होते. पेपर वाचत होते. टिचूने काचेवर टकटक केलं. टिक टिक. टिक टिक.

"आबा, आबा, बटण दाबा ना.
दिवा विझेना,
पाणवेल वाढेना,
हिरवोबा हटेना,
माझा दाणा मिळेना."

आबांनी पेपर खाली केला. म्हणाले, "मी नाही दाबत. बटण दाबलं की बकू भोकाड पसरते. आधी बकूला झोपू दे. मग दाबतो." आणि पेपर वर केला.

टिचूने मिशा झटकल्या. सप सप. "वैताग आहे नुसता," म्हणाली. आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला गेली. टुचुक टुचुक. टुचुक टुचुक.

तिथे बकू होती. बकू चार वर्षांची. दुपार झाली होती, जेवण झालं होतं, गोधडी अंथरली होती. पण बकू गोधडीवर नव्हती. काचेला नाक लावून बसली होती.

"बकू, बकू, झोप ना.
आबा बटण दाबेनात,
दिवा विझेना,
पाणवेल वाढेना,
हिरवोबा हटेना,
माझा दाणा मिळेना."

बकू म्हणाली, "मी नाही झोपत. गप्पीमावशी कधी झोपतच नाही. मी बघितलंय. तिचे डोळे उघडेच असतात. जागेपणी अंधार झाला तर ती घाबरेल ना? आधी गप्पीमावशीला झोपून दाखवू दे. मग झोपते."

ऐकलंत? घरात सगळ्यांचे डोळे झोपेने मिटायला आलेत, आणि झोपत मात्र कुणीच नाही. टिचूने मिशा झटकल्या. सप सप. "वैताग आहे नुसता," म्हणाली. आणि परत फिरली. टुचुक टुचुक. टुचुक टुचुक.

गप्पीमावशी पानाखाली होती. शेपटी हलवत होती. फुलुक फुलुक.

"मावशी, मावशी, झोपून दाखव ना.
बकू झोपेना,
आबा बटण दाबेनात,
दिवा विझेना,
पाणवेल वाढेना,
हिरवोबा हटेना,
माझा दाणा मिळेना."

गप्पीमावशी म्हणाली, "अगं, मी तर रोज झोपते. डोळे उघडे ठेवूनच झोपते. माशांना पापण्याच नसतात, मग मिटू काय?"

"मग तिकडे चल," टिचू म्हणाली. "काचेजवळ झोप. बकूला दिसू दे."

"मी नाही येत. मी आपली पानाखालीच झोपते. आधी हिरवोबाला हटू दे. मग बकूला इथूनच दिसेन."

हिरवोबा? परत हिरवोबा? टिचूच्या मिशा ताठ उभ्या राहिल्या. पण करते काय? गेली बिचारी. टुचुक टुचुक. टुचुक टुचुक.

"हिरवोबा, हिरवोबा, बाजूला हटा ना.
मावशी दाखवेना,
बकू झोपेना,
आबा बटण दाबेनात,
दिवा विझेना,
पाणवेल..."

"हां, पाणवेल," हिरवोबा म्हणाला. डुलुक डुलुक. "आधी पाणवेल वाढू दे."

झालं. जिथून निघाली, तिथेच आली. टिचूने मिशा झटकल्यासुद्धा नाहीत. पाय दुखले होते. पोट रिकामं होतं. रडू येत होतं. "जा, मला नकोच तो दाणा," म्हणाली. आणि चालायला लागली. कुठे? कुठेही.

टुचुक... टुचुक... टुचुक...

चालता चालता काच लागली. तिथेच ती टेकली. मिशा खाली पडल्या. पाय पोटाशी गेले. आणि टिचूला झोप लागली. घुर्र... घुर्र...

काचेच्या बाहेर कोण होतं? बकूचं नाक. टिचू बरोब्बर नाकासमोर झोपली होती. इतकी जवळ, की मध्ये हिरवोबासुद्धा मावेना.

बकूने बघितलं. टिचूचे डोळे उघडे. काळे काळे, गोल गोल. "टिचू," बकूने हाक मारली. टिचू बोलेना. बकूने काचेवर बोट वाजवलं. टिक टिक. टिचू हलेना. घुर्र... घुर्र...

बकू उठली. पाऊल न वाजवता आबांकडे गेली. आबांच्या कानात म्हणाली, "आबा, टिचूचे डोळे उघडे आहेत. पण ती झोपलीय."

"हो का?" आबा म्हणाले.

"आणि दिवा तिच्या डोळ्यांत जातोय. तिला पापण्या नाहीत, आबा. ती मिटणार कशी?"

बकूला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. रोज रोज तिने दिवा लावून ठेवला होता, आणि आतल्या कुणालाच डोळे मिटता येत नव्हते. बकूने आपली गोधडी ओढत आणली. आजीच्या लुगड्याची मऊ मऊ गोधडी. ती कुणालाही द्यायची नाही, धुवायलासुद्धा द्यायची नाही. ती गोधडी बकूने पेटीवर घातली. आबांनी पलीकडचं टोक धरलं. पेटी झाकली. पुढून झाकली, मागून झाकली, खिडकीच्या बाजूनेही झाकली.

"आता मी झोपले की बटण दाबा," बकू म्हणाली. "हळू."

टिक.

बकू झोपली, आबांचं उपरणं पांघरून.
आबांनी बटण दाबलं.
दिवा विझला.
पाणवेल झोपली.
आणि हिरवोबा? हिरवोबा घाबरला. उजेड नाही. दाण्यांची चिमूटही नाही, कारण झोपलेल्यांना कोण जेवायला घालतं? हिरवोबा वाळला, बारीक झाला, आणखी बारीक झाला.

दुसऱ्या दिवशी आबा गोधडी काढायला गेले. बकूने हात धरला. "अजून उठले नाहीत," म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच. आबा म्हणाले, "अगं, बघू तरी दे." पण बकू काही ऐकेना. आता वैतागायची पाळी आबांची होती.

मग एका सकाळी बकूच म्हणाली, "आता उठवूया." गोधडी निघाली. आबांनी बादलीभर पाणी काढलं आणि कढीपत्त्याला घातलं. बादलीभर नवं पाणी पेटीत ओतलं. आणि ठरलं, की बकू जागी तेव्हा दिवा जागा, बकू झोपली की दिवा झोपला.

पाणवेलीने आळस दिला. एक नवं पान काढलं. मग आणखी एक. उरलासुरला खाऊ तिने खाऊन टाकला.
पाणवेल वाढली,
आणि हिरवोबा हटला.

पाणी कसं झालं? काचेसारखं. आबांना गप्पीमावशी दिसली. बकूला टिचू दिसली. आणि आबांनी चिमूट टाकली. एकच. दुसरीसाठी हात गेला होता, पण बकूने नुसतं बघितलं, आणि हात मागे आला.

टप टप टप. पिवळे दाणे आले. आणि लाल? लाल दाणा आला, खाली आला, आणखी खाली आला, आणि थेट टिचूच्या हातात पडला.

गप्पीमावशी लगेच आली. फुलुक फुलुक. "टिचू, टिचू, मला पण दे ना."

टिचूने मिशा झटकल्या. सप सप. म्हणाली, "मी नाही देत. आधी मला खाऊ दे. संपला की देते."

कुर्रम, कुर्रम, कुर्रम.

दाणा गेला टिचूच्या पोटात, आणि गोष्टही गेली त्याच्यामागे. आता तुम्ही डोळे मिटा बघू. तुम्हाला पापण्या आहेत ना?