गंगी म्हशीचा पहिला नंबर

म्हशी अजून उडायचा विचार करत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याकाठी एक बगळी गोचिड वेचायचं दुकान चालवायची. गंगी म्हैस तिचं पहिलं गिऱ्हाईक.

एके दिवशी डोंगराएवढा हत्ती आला. "आधी मला घे! माझ्या अंगावरच्या गोचिडांवर पिल्लांसकट वर्षभर जेवशील."

बगळीची पिल्लं भुकेनं कलकलत होती. गंगी म्हणाली, "जा गं बाई, माझं उद्या बघू."

बगळीनं पिल्लांकडं पाहिलं, पण गंगीचा कान वेचायचा सोडला नाही. "हत्तीदादा, माझं दुकान हिच्याच पाठीवर उभं राहिलंय. मागं थांबा."

गंगीची मान अशी ताठ झाली, की शिंगांना ढग अडकले!

हत्ती तणतणत निघाला. थोडं जाऊन थबकला, परतला आणि गंगीच्या शेपटीमागं मुकाट उभा राहिला.

"ताई, तुमचं जुनं गिऱ्हाईक व्हायला काय करावं लागतं हो?"

"थांबलात ना? झालीच की सुरुवात."