वेशीवरची घोंगडी

थांबा पाव्हणं, ही घोंगडी आधी डोक्यावरून तोंडावर ओढा. हसू नका. धामणखेडच्या या वेशीतून जावई असो की तहसीलदार, तोंड झाकल्याशिवाय कुणी आत येत नाही. आम्ही नुसतं मनगट धरून ताप बघतो.

असं सांगतात की एका साली मुलखात देवीची साथ आली. गावानं वेशीचे दरवाजे लावून घेतले. कुणाला आत घ्यायचं ते पाटलीण तुळसाबाई ठरवायची. तिचा म्हाळू तेव्हा नुकता पाऊल टाकायला लागला होता. तिचा सारा जीव त्याच्यात.

एका दुपारी वेशीबाहेर दोघं येऊन उभी राहिली. एक तरणा, गोरापान, नाकीडोळी नीटस. दुसरी बाई, चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. बाई म्हणाली, "मला देवी ल्हानपणीच यिऊन गेली, माझ्यापासनं भ्या न्हाई. पर ह्येचा हात धरून बगा, चटका बसतुया."

हात कुणी धरला नाही. तरण्याचं रूप बघून तुळसाबाई विरघळली. असल्या देखण्या माणसाकडून काय वाईट होणार, असं सगळ्यांनाच वाटलं. बाईला दगड मारून हाकललं. त्या तरण्याचं नाव जयवंत, ते गावाला पाठ आहे. तिचं नाव कुणी विचारलंच नाही, म्हणून मलाही सांगता येत नाही. त्याचं फार वाईट वाटतं.

जयवंतानं म्हाळूला मांडीवर खेळवलं म्हणे. पुढं त्याच्या तोंडावर फोड उठले, मग म्हाळूच्या, मग घराघरांत. पाणी पाजायलाही माणूस उरला नाही, तेव्हा तीच बाई आत आली. अडवायला वेशीवर कुणी नव्हतंच. म्हाळूला तिनंच मातीत ठेवलं.

तुळसाबाई जगली, पण तोंडाची चाळण झाली. गावात दाणा नव्हता म्हणून ती शेजारच्या गावी गेली. तिथल्या लोकांनी तिचा चेहरा बघितला आणि दगड उचलले. "माझी देवी गेली वो, हात धरून तरी बगा!" ती ओरडत राहिली. रक्तबंबाळ होऊन परतली आणि अंगावरची घोंगडी तिनं वेशीला अडकवली. इथं येणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, अशी शपथ तिनं गावाला घातली.

आजही ती चाल आम्ही पाळतो. पण गेल्या साली एक देखणा पोरगा आला, वाऱ्यानं त्याच्या तोंडावरची घोंगडी सरकली. वेशीवरची म्हातारी त्याच्याकडं बघून हसली, "जा रं लेकरा" म्हणाली. मनगट धरायचं राहूनच गेलं.