उंबरबनाचा एकविसावा विजय

पाच बनांच्या त्या मुलखात एकोणीस वर्षे एकच बन जिंकत आले होते.

बनांत वानर राहत. वर्षातून एकदा, पानगळ सरली की, मधल्या माळावर चेंडूफळीचा खेळ होई. एका बाजूचा गडी चेंडू फेकी. दुसऱ्या बाजूचा गडी तो फळीने टोलवी आणि तीन झाडांना शिवून जागेवर परत येई. ती एक फेरी. संघात नऊ गडी लागत. पंच म्हणून घोरपड बसे, कारण तिचे घर कोणत्याच बनात नव्हते. तीन चेंडू हुकले की ती मान उचले, आणि गडी बाद.

खेळाइतकाच जुना एक कायदाही होता. जिंकलेल्या बनाने हरलेल्या प्रत्येक बनातून एकेक वानर निवडून न्यावे. पूर्वी विजय आलटून पालटून मिळे, म्हणून गेलेली पोरे दोन-चार वर्षांत या ना त्या वाटेने घरी परतत. मग उंबरबन जिंकू लागले, आणि जिंकतच राहिले. दर वर्षी चार बनांतली चार उत्तम पोरे उंबराच्या फांद्यांवर जाऊन बसत, आणि पुढच्या वर्षी आपापल्या भावंडांना हरवायला माळावर उतरत.

कुसुंबी मोहबनातली. तिला उंबरबनाच्या तिसऱ्या विजयाच्या वर्षी नेले. ती टोलवणाऱ्याच्या मागे उकिडवी बसून चेंडू झेलत असे. मांडीआड बोटे हलवून ती फेकणाऱ्याला खूण करी आणि तो तसा चेंडू टाकी. सोळा वर्षांत तिच्या उजव्या हाताची तीन बोटे मोडून वाकडी जुळली होती. ती वाकडी बोटे उंबरबनातल्या पिल्लांना दाखवली जात आणि सांगितले जाई, विजय असा दिसतो.

उंबरबनाचा म्होरक्या शिसव. तो कधी कुणावर ओरडला नाही. एखाद्या गड्याचे दिवस भरले असे त्याला वाटले की एका सकाळी त्या गड्याच्या नेहमीच्या फांदीवर दुसरा कुणी बसलेला असे. एवढेच. याला ‘फांदी गेली’ म्हणत. फांदी गेलेला वानर निमूट खाली उतरे आणि उतारावरच्या खडकांकडे चालू लागे. खडकांवर सावली नव्हती आणि बिबट्या होता. तिकडून कुणी परत आलेले कुसुंबीने पाहिले नव्हते. तिने त्या दिशेला कधी फारसे पाहिलेही नव्हते.

विसाव्या वर्षीच्या खेळाला चार दिवस उरले असताना ती पाण्यावरून परतली, तर तिच्या फांदीवर जांभूळबनातून आणलेली एक तरणी वानरी बसली होती. ती पोर मान खाली घालून साल सोलत होती. कुसुंबीने एकदा फांदीच्या टोकाकडे पाहिले आणि ती उतरली.

खाली शिसव उभा होता.

“खडकांकडे नको जाऊस,” तो म्हणाला. “मोहबनात सातच गडी उरलेत. बाकीच्या तिन्ही बनांनी तर यंदा येत नाही म्हणूनच कळवलंय. समोर नऊ नसतील तर खेळ होत नाही, आणि खेळ झाला नाही तर आपण जिंकणार कसे? तुला आणि त्या लंगड्या बिब्ब्याला त्यांना उसनं देतोय.”

“आणि खेळ संपल्यावर?”

“कायद्यानं मला मोहबनातून एक निवडायचा असतो,” शिसव म्हणाला. “बघू.”

त्या ‘बघू’ला धरून कुसुंबी सोळा वर्षांनी मोहबनात शिरली.

तिचा थोरला भाऊ चिंचोका तिला घ्यायला वेशीपर्यंत आला होता. त्याच्या गालांवरचे केस पांढरे झाले होते. त्याने तिचा वाकडा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. बनात म्हातारे होते, लेकुरवाळ्या होत्या, अंगावरची पिल्ले होती. मधल्या वयाचे कुणी नव्हते. एकटी गुंज होती, चिंचोक्याची धाकटी लेक, नुकती वयात आलेली. तिची दोन्ही थोरली भावंडे उंबरबनात होती.

“आत्या, माझा चेंडू झेलून बघ,” गुंज म्हणाली.

कुसुंबी बसली. पहिला चेंडू सरळ आला आणि तळहात चरचरला. दुसरा तसाच येता येता ऐन फळीपाशी दगड पाण्यात जावा तसा बुडाला. असा चेंडू उंबरबनातही कुणी टाकत नव्हते. सोळा वर्षांत पहिल्यांदा झेल तिच्या हातून सुटला.

संध्याकाळी मोहाची फुले पुढ्यात ठेवून चिंचोका म्हणाला, “कुसुंबे, हरलो तर गुंज जाईल. मग या बनात टोलवणारं कुणी नाही, फेकणारं कुणी नाही. पण तुला उंबरबनाचा एकेक गडी ठाऊक आहे.”

“आहे, दादा.”

“आणि आणखी एक सांगतो. जिंकू नाहीतर हरू, तू आता इथंच राहा. ही मधली फांदी आईची. ती आम्ही कुणाला दिली नाही.”

फांदी रुंद होती आणि ऊन-सावलीची होती. कुसुंबी तिच्यावर बसली, पण तिला झोप काही लागली नाही. मागे उंबराच्या खोडाचा टेका नसला तर पाठ कशी टेकायची, हेच ती विसरली होती.

खेळाच्या दिवशी माळ भरला. न खेळणारी तिन्ही बनेही पाहायला आली होती. उंबरबनाचा संघ उतरताच सगळीकडून आरोळी उठली. जांभूळबन ओरडत होते, सागबन ओरडत होते, बोरबन ओरडत होते. ज्याचे पोर त्या नऊ जणांत होते तो आपल्या पोराचे नाव घेत होता. मोहबनाच्या बायकाही आपल्याच सात गड्यांच्या मागे उभ्या राहून, न राहवून, समोरच्या संघातल्या लेकरांना हाका मारत होत्या.

दुपार कलली तेव्हा सगळा माळ चिडीचूप होता. मोहबन एका फेरीने पुढे होते. कुसुंबी बोटांनी सांगत होती आणि गुंज टाकत होती. कोण सरळ चेंडूला भितो, कोण उतावीळ होऊन लवकर फळी फिरवतो, कुसुंबीला सगळे पाठ होते. उंबरबनाचे गडी एकामागून एक मान खाली घालून परतले. आता शेवटचा करंज दोन चेंडू हुकवून फळी घेऊन उभा होता आणि त्याचा एक जोडीदार तिसऱ्या झाडाला टेकून होता. करंज बाद झाला की एकोणीस वर्षे संपणार होती. त्याने माळापार टोलवला तर दोन फेऱ्या, आणि उंबरबन जिंकणार होते.

गुंजने आत्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती.

कुसुंबीने मांडीआड दोन बोटे दाखवली. बुडता चेंडू. तीच खूण योग्य होती. करंजला तो चेंडू दिसलाच नसता. मग तिची नजर वर गेली. समोर शिसव उभा होता आणि तिच्याकडेच पाहत होता. रागाने नव्हे, आशेने नव्हे, फांदीकडे पाहावे तसा. तिला उंबराचे खोड आठवले. तिला खडक आठवले. आईची फांदीही आठवली, पण मागाहून, आणि तोवर तिची शेपटी धुळीत दोनदा आपटली होती. बुडता येतोय, ही उंबरबनाची जुनी आपसातली खूण होती.

करंज गुडघ्यात वाकला आणि त्याने खालून फळी घातली. चेंडू माळापार गेला.

आरोळ्या थांबायला फार वेळ लागला. मग शिसव निवडीसाठी पुढे आला. मोहबन रांगेत उभे होते. कुसुंबी अर्धे पाऊल रांगेच्या पुढे सरकली. शिसवने गुंजच्या खांद्यावर हात ठेवला.

“म्होरके,” कुसुंबी दबक्या आवाजात म्हणाली, “मी खूण केली होती. तुम्ही पाहिलीत.”

“पाहिली,” शिसव म्हणाला. “आज सकाळी करंजला सांगून ठेवलं होतं, शेवटचा चेंडू बुडताच येणार. सोळा वर्षं तुला पाहतोय. तू दुसरं काय मागणार होतीस?” तो वळला. “शेपटी उगाच मळवलीस.”

चिंचोका दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने सगळे ऐकले. गुंजनेही ऐकले. जाताना तिने बापाला मिठी मारली, आईलाही मारली, आणि आत्याच्या समोरून अशी गेली की जणू तिथे कुणी नव्हतेच.

कुसुंबी खडकांच्या वाटेला लागली. चिंचोक्याने मागून हाक मारली.

“कुठं निघालीस? फांदी तुझी आहे म्हणालो होतो ना मी.”

“दादा, मला शिव्या तरी दे.”

“बस तिथं,” तो म्हणाला. त्यानंतर वर्षभर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिच्या वाटणीची फुले मात्र रोज सकाळी फांदीवर ठेवलेली असत. ती खाताना सगळे बन तिच्याकडे पाठ करून बसे.

उन्हाळ्यात उंबरबनाकडून बातम्या येऊ लागल्या. गुंजला वरची फांदी मिळाली. गुंजचा चेंडू आता दोनदा बुडतो. प्रथम चिंचोका अशा बातमीला उठून जाई. पुढे तो थांबून ऐकू लागला. पाने पिवळी पडेपर्यंत तो स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारू लागला, “आमच्या पोरीचं काय ऐकलंत?”

एकविसाव्या वर्षी चारही बनांत मिळूनसुद्धा नऊ गडी निघाले नाहीत. उंबरबनाने खडकांवरून नऊ उभट दगड गडगडत आणले, माळावर एका रांगेत मांडले, आणि घोरपडीने ते मोजले. नऊ भरले. खेळ सुरू करायला हरकत नव्हती.

पहिला दगड फळीच्या जागी उभा केला. कुणीतरी त्याला फळी टेकवून ठेवली. गुंज पुढे आली. ती उंच झाली होती, आणि तिच्या उजव्या हाताचे एक बोट वाकडे जुळले होते. तिने दगडाकडे निरखून पाहिले, दगडामागे बसलेल्या झेलणारीच्या खुणेला मान हलवली, आणि सगळे अंग झोकून चेंडू टाकला. दगड हलला नाही. तिने दुसरा टाकला. मग तिसरा टाकला. तो येता येता दोनदा बुडाला.

घोरपडीने मान उचलली. दगड बाद झाला, आणि सगळा माळ उठून उभा राहिला. चिंचोका एका पिल्लाला खांद्यावर घेऊन, डोळ्यांतून पाणी काढत, घसा फुटेस्तोवर ओरडत होता, “आमची पोर! आमची पोर ती!” वर्षभरात पहिल्यांदा तो कुसुंबीकडे वळला, तिचा वाकडा हात त्याने पकडला आणि आरोळीबरोबर उंच केला. तिकडे दोघे वानर बाद झालेल्या दगडाला लोटत बाजूला नेत होते आणि दुसरा दगड फळीपाशी येत होता.